आमच्या कुमुदने पुकारलेला हरताळ

लालबागचा एक हरताळ कुठल्याही पुढाऱ्याला न विचारता माझ्या सात वर्षांच्या मुलीने जाहीर केला. ती तेव्हा दुसरीत होती आणि तिसरीत जाईल की नाही याची शंका होती.

शंका शाळेच्या मोठ्या बाईंची होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. निम्मं वर्ष शाळा बंदच, आणि जेव्हा उघडी असे तेव्हा कुमुद खिडकीतून मोर्चे पाही. एप्रिलमध्ये बाईंनी मला बोलावलं. "वर्तमानपत्रात काम करता ना? मग मुलीला वाचता कसं येत नाही?" बाईंनी सुट्टीभराची मुदत दिली. शाळा उघडण्याआधी त्या स्वतः परीक्षा घेणार होत्या. जमलं तर तिसरी, नाही तर पुन्हा दुसरी.

त्या वर्षी कोकणात जाता आलं नाही, कारण चळवळीमुळे कचेरीत सर्वांच्याच रजा रद्द झाल्या होत्या. मी मनावर घेतलं. पाठ्यपुस्तक मला रटाळ वाटलं (बातमी शेवटच्या ओळीत!), म्हणून मी घरातली रद्दी काढली. रोज सकाळी जुन्या अंकातला एक मथळा कात्रीने कापायचा, कुमुदने तो वाचायचा आणि मग मोठ्या अक्षरात उतरवायचा. मी तिला आमच्या धंद्याचे नियमही शिकवले. कोण, काय, कुठे. बस्स.

"आणि तारीख, बाबा?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तारीख आपण लिहायची नसते. ती छापखान्यात आपोआप पडते."

वीस वर्षं मी असंच काम करत होतो.

पाटी लहान पडू लागली तेव्हा मला चाळीच्या दारातला फळा आठवला. सभा, मोर्चे, हरताळ यांच्या सूचना त्यावर लिहिल्या जात. लिहिणारे मोरे लग्नासाठी गावी गेले होते आणि फळा कोरा होता. वापर झाला की पुसायचा, एवढं बजावून मी कुमुदला तिथे उभी केली. मे महिनाभर सुरळीत चाललं. मुलगी खरोखर वाचू लागली. मला रात्री झोप मात्र येईना. जोडाक्षरं राहिली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम जोडाक्षरांचा, लांबलचक मथळा शोधून कापला, तिच्या हातात दिला आणि आंघोळीला गेलो. उशीर झाला म्हणून मागच्या जिन्यानेच ट्रामकडे पळालो. मथळा लिहून होतो न होतो तोच कुमुदच्या आईने तिला जेवायला हाक मारली. फळा पुसायचा राहिला.

दुपारी कचेरीत आमचे वृत्तसंपादक अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले. "अरे, परळहून फोन आहे. उद्या हरताळ! लालबागमध्ये फळ्यावर लागलंय, शेजारच्या दोन चाळींनी उतरवून पण घेतलंय. तू तिथलाच ना? तुला पत्ता नाही?"

मला शरम वाटली. माझ्याच वस्तीतली बातमी, आणि मला फोनवरून कळावी! मी ताबडतोब कागद ओढला. फोन करणाऱ्याने फळ्यावरचा मजकूर जसाच्या तसा सांगितला होता: 'मुंबईत उद्या कडकडीत हरताळ, गिरण्यांची चक्रे स्तब्ध होणार.'

"अण्णा, हे लिहिणारा कुणीतरी जाणता माणूस आहे," मी म्हणालो. "चक्रे स्तब्ध! असा मथळा देणारे आता राहिले नाहीत."

"मग तसाच जाऊ दे. दोन कॉलम."

मी तो दिला. कागद खाली छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे गेला. चहा आला. पहिला घोट घेतला आणि मथळा पुन्हा मनात म्हणून पाहिला. दुसऱ्या घोटाला तो ओळखीचा वाटला. तिसरा घोट न घेताच मी कप खाली ठेवला. तो मथळा माझाच होता. चार महिन्यांपूर्वीच्या हरताळाचा. सकाळीच मी तो कात्रीने कापला होता!

मी जिन्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही. जुळाऱ्याच्या हातातून कागद ओढला.

"साहेब, तुम्हीच दिलात ना?"

"मीच. सगळं मीच केलंय."

वर येऊन अण्णांना म्हणालो, "बातमीचं मूळ सापडलं. ती दुसरीत आहे."

ट्राम त्या दिवशी इतकी हळू चालली की चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो. (मग चाललो का नाही? सुचलं नाही.) लालबागला वाण्याने दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या होत्या. रॉकेलला रांग. बायकांच्या डोक्यावर तांदूळ, हातात बटाटे. आमच्या दारात शंभरेक माणसं फळ्यासमोर उभी होती. मी घुसलो आणि हाताने पुसायला लागलो.

"ए! कोण पुसतोय रे?" मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. "कुणाचा माणूस तू? हरताळ फोडायला आलास?"

"अहो, मी तिसऱ्या माळ्यावरचा!"

"म्हणजे घरातलाच फितूर!"

शेजारच्या तावडेवहिनी पुढे आल्या. त्यांनी मला ओळखलं, पण सोडवलं नाही. "काय ओ भावजी, पेपरात तुम्ही. आधी सांगूचा नाय? माका धावत जावन तांदूळ आणूचे लागले!"

तेवढ्यात गर्दीतून मोठ्या बाई आल्या. त्या मलाच शोधत होत्या. "उद्या हरताळ, म्हणजे परीक्षा नाही. परवा मला याद्या पाठवायच्या आहेत. नाइलाज आहे, कुमुद दुसरीतच."

माझी कॉलर अजून त्या माणसाच्या मुठीत होती. गप्प बसलो असतो तर चाळीने मला सोडलं असतं. पण मुलीचं वर्ष गेलं असतं.

"हरताळ नाही!" मी ओरडलो. "मथळा जुना आहे. मुलीला वाचायला दिला होता. तिने फळ्यावर उतरवला."

मग कुणीतरी म्हणालं, "लहान पोरीचं अक्षर? आम्हाला मोऱ्यांचं वाटलं. उलट म्हटलं, सुधारलंय."

"मी लिहिलंय!" जिन्यातून कुमुद ओरडली. तिला वाटलं, सगळे कौतुकाला जमलेत.

बाईंनी तिला फळ्यापुढे उभं केलं. "वाच."

माझ्या पुसण्यातून उरलेली अर्धी ओळ होती. कुमुदने 'चक्रे स्तब्ध'सकट खणखणीत वाचली. बाईंनी फळ्यावरचं अक्षर न अक्षर तपासलं.

"जोडाक्षरं बिनचूक. आणि हे कधीचं, ते का नाही लिहिलंस?"

"तारीख आपण लिहायची नसते," कुमुद म्हणाली. "बाबांनी सांगितलंय."

शंभर माणसं माझ्याकडे वळली. तावडेवहिनींनी डोक्यावरचे तांदूळ खाली ठेवले, बहुधा हात मोकळे हवेत म्हणून.

"कुमुद तिसरीत," बाई म्हणाल्या. "वडिलांनी मात्र महिनाभर रोज सकाळी या फळ्यावर आजची तारीख लिहायची. येता-जाता मी तपासेन."

मी लिहिली. महिन्यात दोनदा चुकलो. दोन्ही वेळा कुमुदने दुरुस्त केली.