जोडीचे व्हॉल्व

काचेच्या व्हॉल्ववर नखाने टिचकी मारायची, तो कानाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. बाजारात बायका माठ वाजवून घेतात, तशी आमच्या शेजारच्या काकूंची ही तऱ्हा. मग डोळे उघडून त्या निकाल द्यायच्या, ‘‘ह्याच्यात जीव न्हाई.’’ की तो व्हॉल्व बाजूला.

व्हॉल्व म्हणजे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधली दिव्यासारखी काचेची नळकांडी. ती तापतात आणि आवाज मोठा करतात. तुम्ही म्हणाल, आजच्या काळात ही कुठली पुराणं? मान्य. पण काकूंना ते व्हॉल्व गाणी ऐकायला नकोच होते, सूड घ्यायला हवे होते. मी हिंगोलीत शाळेवर शिकवते. क्षमा हा मोठा गुण आहे, असं दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी सांगते, काकूंच्या सुडाइतकी देखणी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

काकूंचे यजमान लग्नाला, सप्ताहाला लाऊडस्पीकर लावायचे. धाकटा भाऊ हाताखाली. यजमान गेले, तेरावा झाला आणि या दिराने भोंगे, माइक, वायरी असं सगळं टेम्पोत भरलं. ‘‘बाईमाणसाचं काम न्हाई हे,’’ म्हणाला. जुनं व्हॉल्वचं मशीन तेवढं ठेवून गेला. ‘‘हे तुमचंच, वहिनी. दादाची आठवण.’’

वर्षश्राद्धाला काकूंनी ते मशीन झाडूनपुसून मागून आणलेल्या कर्ण्याला लावलं, तर आवाजच निघेना. मागची जाळी काढली. आतले मोठे दोन व्हॉल्व जागेवर नव्हते. मशीनचं सगळं बळ त्या दोघांत असतं.

दीर पंगतीत बसला होता. काकूंनी त्याला तिथेच विचारलं. तो पापड मोडत म्हणाला, ‘‘उंदरानं नेले असतील, वहिनी.’’ पंगत खो खो हसली. काकूंनी भाताचं पातेलं खाली न ठेवता वाढप पुरं केलं. लोक गेल्यावर मला म्हणाल्या, ‘‘बाई, ज्या तोंडानं हे बोलला, त्याच तोंडानं चारचौघांत खरं बोलवीन. न्हाईतर नावाची न्हाई.’’

मी शिक्षिकेला शोभेल असा काही उपदेश करायला हवा होता. मी म्हटलं, ‘‘मी येते सोबत.’’

नांदेडला जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांच्याकडे मशीन घेऊन गेलो. त्यांनी दोन कोरे, चकचकीत व्हॉल्व काढले. काकूंनी टिचक्या मारल्या, मशीनला लावून पाहिले आणि मान हलवली. ‘‘ह्या दोघांचं जमत न्हाई.’’

‘‘अम्मा, दोनों नये हैं!’’

‘‘नवरानवरी बी नवेच असत्यात.’’

चाचा हसत सुटले आणि त्यांनी माळ्यावरचा डबा खाली काढला. काकूंचं गणित साधं होतं, यजमानांकडून शिकलेलं. दोघांनी ओझं सारखं उचललं पाहिजे. एक तगडा आणि एक मरतुकडा असला, की तगड्यावर सगळा भार येतो, त्याच्या आतला पत्रा लाल होतो आणि तोही जातो. जोडी जमली की माइक बंद असताना मशीन घुमत नाही. चाचा एकेक जोडी लावत राहिले आणि काकू कर्ण्याला कान लावून बसल्या. घूं. काढा. घूं. काढा. चाचांचा चहा गार झाला, माझी चिडचिड सुरू झाली. शेवटी अक्षरं पुसलेले दोन जुने व्हॉल्व लागले आणि कर्णा गप्प झाला.

‘‘मुकं झालं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आता माणूस बोलंल.’’

परत येताना मशीन सीटखाली आणि व्हॉल्व पदरात. बसून धक्के लागतात म्हणून वसमतपासून औंढ्यापर्यंत काकू एसटीत उभ्या होत्या.

मग सुरू झालं वाट पाहणं. दिराने रंगीत दिव्यांचं नवं मशीन घेतलं होतं. जिथे त्याचा स्पीकर, तिथे काकू हजर. मशीन जवळपासच्या कुणा नातलगाच्या घरी ठेवायचं आणि बायकांत पुढे बसायचं. तोंडाने विठ्ठल विठ्ठल, डोळे त्या दिव्यांवर. ‘‘बिघडंल,’’ असं मला हळूच सांगायच्या. बिघडायचं नाही. माझ्या किती सुट्ट्या यात गेल्या, विचारू नका.

आणि सेनगावकडच्या एका गावात, काल्याच्या कीर्तनाला, ते बिघडलं. महाराज उभे राहिले आणि शेताशेतांतल्या मोटारी सुरू झाल्या. व्होल्टेज पडलं. दिराचे रंगीत दिवे लुकलुकून विझले. जनरेटर दोनदा खोकून बसला. मागची माणसं ओरडायला लागली, गावकरी दिराच्या अंगावर धावले. आठवडाभराच्या सप्ताहाचा काला, आणि ऐकू काही येईना.

काकूंनी भाचीच्या घरून मशीन आणवलं. व्हॉल्वचं मशीन कमी व्होल्टेजवर जरा दबून बोलतं, पण बोलतं. व्हॉल्व हळूहळू तांबूस झाले. दीर माइकची आणि भोंग्यांची वायर घेऊन धावत आला. काकूंनी वायर जोडली आणि माइक त्याच्याच हातात ठेवला.

‘‘आधी तू बोल.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘व्हॉल्व कुठं गेले ते.’’

‘‘वहिनी, महाराज उभे हायेत!’’

‘‘ऱ्हाऊ दे. मी बी लई दिसांची उभी हाय.’’

महाराजांनी वीणेवरचा हात थांबवला. दिराने चहूकडे पाहिलं. सुटका दिसेना. ‘‘हॅलो,’’ तो म्हणाला, ‘‘दादाच्या मशीनचे व्हॉल्व मीच काढले व्हते. वहिनी धंदा चालवतील म्हून. वहिनी खोटं बोलत न्हवत्या.’’ मशीनमध्ये जरासुद्धा घूं नव्हतं. भट्टीवरचे आचारी झारे धरून उभे राहिले. पार शिवारापर्यंत शब्द न शब्द गेला असणार.

तो पाया पडायला वाकला, तशा काकूंनी पाय मागे घेतले. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, कीर्तन सुरू झालं.

येताना मी म्हटलं, ‘‘काकू, आता माफ करून टाका.’’

‘‘काहून? खरं बोलला, बराबर. माफीचं म्या कबूल केलं न्हवतं.’’ मग एसटीच्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, ‘‘हे ऐकाया ते पाहिजे व्हते, बाई.’’ आणि रडल्या. यजमान गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. कयाधू नदीच्या काठावर दहावा झाला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. काकूंची मुलगी म्हणाली, ‘‘आई, माझी काळजी करू नको.’’ कावळा बाभळीवरून हलला नाही. दीर हात जोडून पुढे आला. ‘‘वहिनी, आता तरी माफ करा.’’ तेवढ्यात कावळा खाली उतरला, त्याने दिराकडे पाहिलं आणि तो परत बाभळीवर जाऊन बसला. दिराने पुन्हा विनवलं, कावळा पुन्हा तसाच. लोक चुळबुळ करू लागले, गुरुजी उन्हाकडे पाहू लागले.

शेवटी मीच दिराला म्हटलं, ‘‘तुम्ही जरा पायऱ्या चढून वर जा बरं.’’

तो खाली मान घालून वर गेला, पार रस्त्यापर्यंत. कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली. सगळ्यांनी हात जोडले. मला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू, तेव्हा पदर तोंडाला लावून मी दोन्ही एकदमच उरकून घेतलं.