वरच्या गल्लीचे चार आटे

रुद्रप्पा चावीवाल्याला गंगाबावी पेठेत कोण ओळखत नव्हतं? सायकलच्या दांडीला बांधलेली ती लांबलचक लोखंडी चावी दिसली, की बायका घरात ओरडायच्या, "अगं, भांडी काढा, पाणी सुटतंय!" पाणी यायचं पाच दिवसांनी एकदा. रुद्रप्पा रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, तोंडानं आटे मोजायचा, आणि पेठेत बादल्यांचा खडखडाट सुरू व्हायचा. एकतीस वर्षं हेच काम. साहेब बदलले, नकाशे हरवले. कुठला व्हॉल्व्ह कुठं पुरलाय ते कागदावर कमी आणि रुद्रप्पाच्या डोक्यात जास्त. आणि बाबा तोंडाचा पक्का! विचारल्याशिवाय सांगायचा नाही, आणि विचारलं तरी निम्मंच सांगायचा.

वरची गल्ली हे त्याच्या पोटातलं सगळ्यात मोठं गुपित. चढावरची तीसेक घरं, बहुतेक विड्या वळणाऱ्या तेलुगू बायकांची. पेठेला पाणी सुटलं, की खालच्या लोकांच्या मोटारी सगळं ओढून घ्यायच्या आणि वरच्या नळांना नुसती हवा. एकोणीस वर्षांपूर्वी रुद्रप्पानं चढाच्या तोंडाशी डांबराखाली गाडलेला एक जुना व्हॉल्व्ह हुडकून काढला. खालच्या गल्ल्या बंद केल्या, की हा व्हॉल्व्ह तो गुपचूप चार आटे ढिला सोडायचा. मोटारी गप्प झालेल्या, मग बारीक धार सावकाश वर चढायची. त्या धारेवर तीस घरांच्या घागरी भरायच्या, विडीची पानं भिजायची. पान भिजलं नाही तर विडी वळत नाही, आणि विडी वळली नाही तर चूल पेटत नाही. खात्याच्या नियमात हे बसत नव्हतं. साहेबाला विचारलं तर तो नाही म्हणणार, म्हणून रुद्रप्पानं विचारलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता निवृत्तीला पाच महिने उरले होते, आणि खात्यात वैदेही मॅडम आल्या. नव्या इंजिनिअर, वयानं त्याच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी एक योजना आणली होती. गळके पाईप बदलायला खात्याकडं पैसा नव्हता, तो पुण्याची एक संस्था आधी घालणार. मग गळती थांबून जे पाणी वाचेल, त्यातून खात्यानं सावकाश फेडायचं. अट एकच. पेठेच्या तोंडाशी मीटर बसवायचा, आणि पेठ बंद असताना त्याचा काटा थांबला पाहिजे. काटा फिरत राहिला, तर पाणी कुठं जातंय तेच कळत नाही, मग कसलं कर्ज आणि कसलं काय!

काटा थांबेना. मॅडमनी तीन ठिकाणी रस्ता उकरला, सगळे सांधे कोरडे. "रुद्रप्पाकाका, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. "जुनी लाईन हाय, मॅडम. जिरत असंल कुटंतरी," तो म्हणाला, आणि त्याच दुपारी चढाशी जाऊन त्यानं चारही आटे आवळून टाकले.

काटा थांबला! मॅडम लहान पोरीसारख्या हसल्या. संस्थेच्या माणसानं फोटो काढले, नव्या पाईपांचा नकाशा टेबलावर पसरला. रुद्रप्पानं वाकून पाहिलं. निळ्या रेघा सगळ्या पेठभर होत्या, पण चढाच्या तोंडाशी संपत होत्या.

"मॅडम, वरच्या गल्लीचं काय?"

"नकाशात तिथं आपली लाईनच नाही ना, काका. आणि एकोणीस-वीस वर्षांत त्या गल्लीची एकसुद्धा तक्रार नाही. मी रजिस्टर बघितलंय. टँकरवर भागत असेल त्यांचं."

आता रुद्रप्पाला उमगलं. नवे पाईप पडले, की जुना व्हॉल्व्ह उखडून जाणार. मग आपण असलो काय, नसलो काय, ती तीस घरं कायमची कोरडी. मेल्या, ज्यांना जगवलंस त्यांनाच तू कागदावरून पुसून टाकलंस! तो मटकन खुर्चीत बसला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी न विचारता सगळं सांगून मोकळा झाला.

मॅडमनी चढाच्या तोंडाशी पेन्सिलीनं खूण केली. मग म्हणाल्या, "हे मला वर कळवावं लागेल, काका. तुम्हाला मेमो येणार. पण गल्लीचा अर्ज आणाल शुक्रवारच्या आत? अर्ज असला तर हे पाणी मी गळतीत नाही, वापरात दाखवीन. मग नकाशात लाईन धरता येईल."

मेमो दुसऱ्या दिवशीच आला. खुलासा समाधानकारक नसेल तर पेन्शन रोखली जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याची घडी खिशात कोंबून रुद्रप्पा चढ चढला. गल्लीतल्या पहिल्याच घरी, पार्वतम्माच्या दारात विड्या वळायचं सूप आडवं पडलेलं, पानं करकरीत वाळलेली. धार बंद होऊन आठ दिवस झाले होते, तरी कुणी ओरडत आलं नव्हतं. त्याचाच त्याला राग आला.

"एकोणीस वर्सं, पार्वतम्मा! एक अर्ज करता आला न्हाय तुमाला? आज कागदावर तुमी हायच न्हाय की!"

पार्वतम्मानं पदरानं पायरी पुसून त्याला बसायला जागा केली. "अर्ज केला असता, अण्णा, तर साहेब बघायला आला असता. नळाला पानी कुटनं येतंय म्हनून विचारला असता. तुमी वाकून चावी फिरवताना आमी दर खेपेला बघतो की. तुमची नोकरी गेली असती. म्हनून गल्लीतल्या समद्यांनी ठरवलं, तोंड उघडायचं न्हाय. आत्ता धार बंद झाली तवा वाटलं, तुमच्यावर कायतरी आलंय. मग तर जास्तीच गप बसलो."

आपण यांना सांभाळतोय, अशा तोऱ्यात रुद्रप्पा एकोणीस वर्षं हा चढ उतरला होता. डोळे भरून आले, ते त्यानं टोपीनंच पुसले आणि कोरा कागद पुढं सरकवला.

"लिव्हा आता. समद्यांच्या सह्या घ्या."

पार्वतम्मानं पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "आदी सांगा, अण्णा. तुमाला काय होनार न्हाय न? होनार असंल तर आमी न्हाय लिवत. पानी खालनं आनू."

"मला?" रुद्रप्पा मोठ्यांदा हसला. "मला काय हुतंय! साहेब लई खूश हायेत माझ्यावर. लिव्हा."

पार्वतम्मानं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं, तो सांगेल तसा अर्ज लिहिला आणि खाली तेलुगूत सही केली. तिच्यामागं शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. शेवटचा अंगठा उठेपर्यंत रुद्रप्पा खिशावर हात ठेवून तिथंच बसून होता.