अकरा वेळा नाही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. शिवाय आमच्या बौद्ध घरात श्राद्ध, पिंडदान काही करत नाहीत. तरी लिहितोय... कारण अजून उलगडा झालेला नाही.

ऑक्टोबर १९९३. ब्रिस्टलमधल्या एका बंद पडलेल्या शाळेचा हॉल. माझ्या पत्नीची, सुनंदाची, मैत्रीण लान तिथे आर्ट इन्स्टॉलेशन मांडत होती. ती लहानपणी व्हिएतनाममधून होडीतून आलेली. टेबलांवर पूर्वजांचे फोटो, पुढे वाट्या, उदबत्त्या. वायरिंग मी करून दिलं, तर म्हणाली, "तुझ्या वडिलांचाही फोटो आण. आणि त्यांचं जेवण."

बाबा चार वर्षांपूर्वी अकोटला वारले. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करून त्यांनी मला शिकवलं, आणि मी अंत्यविधीलाही पोचलो नाही. इंग्लंडमध्ये मला तार मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते माझ्यावर रागावून गेले असतील का? हाच प्रश्न मला छळायचा. हे श्राद्ध नाही, कला आहे, अशी समजूत घालून मी फोटो ठेवला. सुनंदाने बेसन-भाकर केली.

लानने रीत सांगितली. पूर्वज आधी जेवतात. जेवलात का, हे बशीत दोन नाणी टाकून विचारायचं. एक छापा, एक काटा — म्हणजे हो. दोन्ही सारखी — म्हणजे नाही. हो येईपर्यंत कुणी खायचं नाही.

मी टाकली. दोन काटे. पुन्हा... दोन छापे. पुन्हा दोन छापे.

"स्टबर्न आहेत तुझे वडील," लान हसली.

"मुलगा कुणावर गेलाय ते कळलं," सुनंदा म्हणाली.

दहा वेळा नाही. नाणी साधी, दोन पेन्सांची. लानचं हसू थांबलं. "त्यांना सॉरी म्हण." मी म्हटलं, मराठीत, मोठ्याने. अकराव्यांदाही नाही! मी पुन्हा नाणी उचलली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"अहो, चेहरा बघा तुमचा! चक्कर येऊन पडाल," म्हणत सुनंदाने भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. लान "नो, नो!" ओरडली. घास चावतच मी नाणी टाकली.

एक छापा, एक काटा.

बाबा माझ्याआधी कधीच जेवले नाहीत. पाळीवरून थकून आले, ताट समोर असलं, तरी म्हणायचे, "तू जेव आंधी, मंग मी." हे मी लानला काय, सुनंदालाही कधी बोललो नव्हतो.

बाराव्या वेळी हो येण्यात विशेष काही नाही, तेवढं गणित मला येतं. पण ओळीने अकरा वेळा नाही — हे दोन हजारांत एखाद्या वेळी! तीच नाणी घरी शंभरदा टाकली. निम्मे हो, निम्मे नाही. माझ्या हातून श्राद्ध झालं का, तेही ठरवता आलेलं नाही.

"मग, रागावलेत का?" लानने तेव्हाच विचारलं होतं. माझं तोंड भाकरीने भरलं होतं, आणि सुनंदा "सावकाश जेवा" म्हणत पाणी पुढे करत होती...