टबातल्या बाबांना मूठभर मीठ

२०१७ साली बाबांच्या छातीत पेसमेकर बसला आणि घरातलं रेडिओलहरींचं खातं मी आपणहून माझ्याकडे घेतलं. लहरींतलं मला काही कळत नाही. पण काळजी करायला कळावं लागतं असं कुठे आहे? शेजारणीचा मोबाइल वाजला की मी बाबांपुढे आडवा.

बाबा चिंचणीचे जुने तांडेल, मासेमारी बोटीचे प्रमुख. बोट आता माझा धाकटा भाऊ चालवतो, पण बाबांचा जीव बोटीवरच. अडचण एकच: बोटीवरचा, हातात धरून बोलायचा वायरलेस सेट. त्याच्या लहरींनी पेसमेकर बिघडला तर? डॉक्टर म्हणाले होते, "सेटची माहिती आणा, मग ठरवू." मी माहिती नेलीच नाही, थेट बोटीवर जायलाच बंदी घालून मोकळा झालो.

"मग मी काय बोंबलासारखा दांडीवर वाळत बसू?" बाबा कडाडले.

माझी मुलगी तेव्हा इंजिनियरिंगला होती. तिने तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घेतले, मध्ये तांदळाएवढा डायोड जोडला आणि वायरी मीटरला लावल्या. "शरीराच्या आत लहरी किती पोचतात, ते हा काटा दाखवेल."

"आण, गिळतो."

"तुम्ही नाही आजोबा, तुमच्या जागी हा." तिने ओट्यावर टब ठेवला. शरीराशी जुळावं म्हणून पाण्यात मोजून मीठ आणि साखर घातली होती. प्लॅस्टिकात गुंडाळलेली तार त्यात सोडायची आणि बाहेर सेट चालू करायचा. टबाला आम्ही बाबाच म्हणू लागलो. हे बाबा उलट बोलत नव्हते, एवढाच फरक.

भावाने सेट आणला. टबाजवळ धरून चालू केला, तर काटा जेमतेम थरथरला.

"बाबांच्या आत लहर शिरतच नाही!" मी गहिवरून जाहीर केलं. बाबांनी लगेच टोपी चढवली, पिशवी उचलली.

मुलीला मात्र शंका आली. तिने पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. "आजी, तू यात काही घातलंस?"

आई कोळंबी सोलत होती. "घातलं म्हणजे? ओट्यावर टब, टबात मिठाचं पाणी. ते मासळी खारवायचंच ना? चाखलं तर गोड! साखर कुणी गो घातली? दोन-चार मुठी मीठ टाकून सारखं केलं."

"आजी, तू आजोबांचा समुद्र केलास! एवढ्या खाऱ्या पाण्यात लहर वरच्यावर विझते."

"बरं झालं. तसे अळणीच होते ते."

बाबा हसले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. "म्हणजे जायचं नाहीच का गो?" त्यांनी नातीला विचारलं. तो आवाज ऐकून मीच उठलो आणि टब मोरीत रिकामा केला.

नवं पाणी केलं. आईला टबापासून लांब बसवलं. सेट जवळ नेला तसा काटा उडाला. "बघा!" मी ओरडलो. मुलीने सेट हातभर मागे घेतला. काटा खाली आला.

"यावर आपण ठरवायचं नाही हं, पप्पा," ती म्हणाली. "पण डॉक्टरांना काय विचारायचं, ते तरी कळलं."

दुसऱ्या दिवशी सेटचं माहितीपुस्तक घेऊन डहाणूला गेलो. डॉक्टरांनी ते पाहिलं, बाबांना तपासलं. "सेट छातीला लावायचा नाही, हातभर लांब ठेवायचा. बाकी खुशाल जा."

तेव्हापासून सेट भावाच्या हातात. बाबा बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून निरोप सांगतात, भाऊ तो सेटवर बोलतो. पहिल्याच फेरीनंतर दुसऱ्या बोटीचा तांडेल मला बंदरावर भेटला. म्हणाला, "तुझ्या भावाचं सेटवर एक अक्षर कळत नाही रे. मागून बाबाच ऐकू येतात."