वासाविना चढलेला रंग

मातीतला नायट्रोजन मोजायला आमच्या प्रयोगशाळेत फिनॉलची बाटली उघडली, की भिंतीवरची पाल तडक तालुक्याबाहेर निघून जायची. सहकारी वैशालीबाईंना तर दमा. आज फिनॉलऐवजी सॅलिसिलेट हे सौम्य रसायन वापरून पाहायचं होतं. आकडा जुन्या पद्धतीशी जुळला नाही, तर फिनॉलच राहणार आणि बाईंची बदली कारकुनी टेबलावर ठरलेली.

सॅलिसिलेट घातलं, तर वासच नाही! मला चैन पडेना. येरझाऱ्या घालून मी फरशी निम्मी झिजवली.

"अहो सर, बसा की! तुमच्या पायांनी नळ्या हिंदकळतायत."

"डोळ्यांत पाणी आल्याशिवाय मोजल्यासारखं वाटत नाही हो, बाई."

"मग कांदा आणू चिरायला?"

त्रास झाल्याशिवाय आपल्याला काही खरं का वाटत नाही? गोड औषधावर, न ओरडणाऱ्या मास्तरांवर आपण कधी विश्वास ठेवलाय?

एवढ्यात नळीत हिरवट निळा रंग हळूहळू चढला. यंत्रावर आकडा उमटला, आणि तो जुळला. नळ्यांशेजारी उभ्या राहून बाईंनी छातीभर श्वास घेतला. मी सवयीनं खोकल्याची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही.