मिसेस बेवनची वाट

पोर्थ हेलिग या समुद्रकाठच्या गावात माणसाला आडनावाने हाक मारून उपयोग नाही, कारण अर्ध्या गावाचं आडनाव एकच आहे. एम्लिनचं धक्क्याजवळ चिप्सचं दुकान, म्हणून तो एम्लिन चिप्स. त्याची थोरली बहीण नेस्टा समुद्राच्या बांधापलीकडे, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणावर मेंढ्या चारायची, म्हणून ती नेस्टा खाजण.

आईकडून तिला बांधालगतचं घर मिळालं, दुखरा गुडघा मिळाला आणि हा कळप मिळाला. उधाणाचं पाणी चढू लागलं की खाजणातून बाहेर कसं पडायचं, हे या मेंढ्यांना माणूस शिकवत नसे. म्हातारी मेंढी पुढे निघे, लेकी तिच्यामागे, नाती लेकींच्या मागे. नेस्टाच्या आजीच्या काळापासून हेच चाललं होतं. म्हणून दात पडलेल्या दोन-चार मेंढ्या नेस्टा कायम राखून ठेवायची. त्यांतली सगळ्यात जुनी होती मिसेस बेवन. चॅपलच्या रविवारच्या शाळेत नेस्टाला शिकवणाऱ्या बाई चष्म्याच्या वरून अशाच बघायच्या, त्यांचं नाव तिने मेंढीला दिलं होतं.

"तुझं खाजण नाही, वृद्धाश्रम आहे," एम्लिन दर शरदात म्हणायचा. "दात नाहीत, लोकर नाही, कोकरू नाही. नुसतं बसून खायचं. आणि गुडघ्याने तू सुद्धा त्यांच्यातच जमा."

या वर्षी नेस्टाने त्याचं ऐकलं. गुडघा रात्रंदिवस ठणकत होता, आणि खरं सांगायचं तर ती वाद घालून कंटाळली होती. सगळ्या म्हाताऱ्या बाजारात गेल्या. मिसेस बेवनला मात्र टेकडीवरच्या गेथिनने नेलं. त्याच्याकडे सुट्टीसाठी येणाऱ्यांना राहायला चाकांवरच्या घरांसारखे कॅरॅव्हॅन होते, आणि मुलांना थोपटायला एक शहाणी मेंढी हवी होती.

त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात सप्टेंबरचं मोठं उधाण आलं. उधाणाची नेस्टाला भीती नव्हती; ते कधी येणार हे ठाऊक असतं. पण दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला आणि पाण्याला मागून ढकलू लागला. ती बांधावर गेली तेव्हा खाजणातले पाण्याचे चर भरायला लागले होते, आणि कळप एका उंचवट्यावर निवांत चरत होता. एकीनेही मान वर केली नव्हती.

उंचवटा कोरडा दिसतो, हीच त्याची खोड. पाणी आधी चारी बाजूंनी येतं आणि मग वर चढतं. आई म्हणायची, तिथे थांबलेली मेंढी मोजायची नाही.

एम्लिन मोट नावाचा कुत्रा घेऊन पळत आला. अंगाला तेलाचा वास, कमरेला ॲप्रन तसाच. त्याने मोटला पिटाळलं. मोट पोहत गेला, मेंढ्यांच्या मागे शिरला आणि त्यांना सरळ बांधाच्या फाटकाकडे हाकू लागला. कुत्र्याला जवळची वाट तेवढी कळते. मेंढ्या मधल्या मोठ्या चरापर्यंत आल्या, गढूळ पाण्याची ओढ बघून बिचकल्या आणि पुन्हा उंचवट्यावर जाऊन एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या.

"अजून एकदा पाठवतो," एम्लिन म्हणाला.

"पाठवू नकोस. बुडवशील सगळ्यांना. परत बोलाव त्याला."

"मग करायचं काय? मी जाऊ का?"

"तुला वाट माहीत आहे?"

एम्लिनने शीळ घालून मोटला परत बोलावलं. वाट नेस्टालाही धड माहीत नव्हती. पूर्वी शिंपले वेचणाऱ्यांच्या गाड्या जायच्या, त्या काळची एक दगडी पट्टी कुठेतरी त्या चराखाली होती. आता तिच्यावर चिखल बसला होता आणि ती फक्त मेंढ्यांच्या खुरांना ठाऊक होती. इतकं मात्र नेस्टाने लहानपणापासून पाहिलं होतं की म्हातारी आधी फाटकाकडे पाठ फिरवते, समुद्राच्या दिशेने, जुन्या होडीच्या सांगाड्यापर्यंत जाते आणि तिथे चर ओलांडून मगच घराकडे वळते.

"गाडी काढ," नेस्टा म्हणाली. "गेथिनकडे."

धक्क्यावरून जाताना पाहुणे मंडळी आइस्क्रीम खात लाटांचे फोटो काढत होती. नेस्टाला त्या सगळ्यांचा राग आला. जुन्या चॅपलमध्ये आता गालिच्यांचं दुकान आहे. त्याच्या दारात कोणाची तरी व्हॅन आडवी लागली होती. एम्लिनने भोंगा वाजवला. आतून माणूस आला, त्याने हात हलवला आणि वारा किती सुटलाय याबद्दल बोलू लागला. एम्लिनने त्याला जन्मात दिली नव्हती अशी शिवी दिली, तेव्हा कुठे व्हॅन हलली. नेस्टा मागे वळून समुद्राकडे बघत राहिली. टेकडीवरून खाजण दिसत होतं, आणि त्यातलं हिरवं दर वळणाला कमी होत होतं.

मिसेस बेवन एका कॅरॅव्हॅनच्या पायरीशी बसून चिप्स खात होती.

"नेस्टा आंटी, ती आता उठतसुद्धा नाही हो," गेथिन म्हणाला. "लाडावलीय. पोरं काय काय भरवतात."

"माझ्याच दुकानातले दिसतायत," एम्लिन पुटपुटला.

दोघांनी मिळून तिला उचलून गाडीच्या मागच्या सीटवर कोंबलं. नेस्टा शेजारी बसली. म्हातारी चष्म्याच्या वरून बघितल्यासारखी बघत होती. तीन आठवड्यांत ही सगळं विसरली असेल तर? आठवलं, पण पायांत बळ नसेल तर? आणि एवढं करून हिलाच पाण्यात घालवायची? नेस्टाने हात मेंढीच्या लोकरीत खुपसून ठेवले.

फाटकाशी उतरवल्यावर मिसेस बेवन ढिम्म उभी राहिली. मग वळून गाडीकडे जाऊ लागली.

"झालं," एम्लिन म्हणाला. "माझंच चुकलं गं. मीच तुझ्या मागे लागलो."

"विकल्या मी," नेस्टा म्हणाली. "तू नाही."

तेवढ्यात वाऱ्यावरून उंचवट्यावरच्या एकीचा आवाज आला. फाटका, घाबरलेला. म्हातारी थांबली. तिने कान टवकारले, एकदा घोगरं ओरडली आणि कोणाकडेही न बघता फाटकातून उतरली. चराच्या कडेने होडीच्या सांगाड्यापर्यंत गेली आणि तिथे चरात शिरली. पाणी पोटाला लागलं, मग पाठीला. नेस्टाने डोळे मिटून घेतले.

"गेली पलीकडे," एम्लिनचा आवाज आला. "नेस्टा, बघ. गेली."

उंचवट्यावर पोचल्यावर म्हातारी थांबलीही नाही. मेंढ्यांना वळसा घालून परत फिरली, आणि तिची थोरली लेक तिच्यामागे निघाली. मग दुसरी. मग सगळी रांग, मानेपर्यंत पाण्यात, एकमेकींच्या शेपटाला नाक लावून. शेवटची मेंढी फाटकातून आत आली तेव्हा नेस्टा तिथेच चिखलात बसली आणि रडली.

पण दुसऱ्या दिवशीचं उधाण आणखी मोठं होतं, आणि मिसेस बेवन उठेना. पुढचा पाय सुजला होता. ती कुंपणाशी बसून रवंथ करत होती.

"मेंढ्यांना आज कोंडून ठेव," एम्लिन म्हणाला. "पेंढा मी आणून देतो. हात जोडतो तुला."

"आज कोंडल्या तर कायमच्या कोंडाव्या लागतील. काल बघितलंय ते आजच पायात आहे."

"आणि नसेल तर?"

रात्रभर नेस्टाला तरी कुठे झोप होती? तरीही ओहोटीला तिने फाटक उघडलं, आणि मेंढ्या चरायला गेल्या.

दुपार कशी गेली ते तिचं तिला माहीत. एम्लिनने दुकान बंद ठेवलं. दोघं बांधावर बसून थर्मासमधला चहा ओतत होती आणि न पिता गार करत होती. वारा पडला होता, पण पाणी यायचं ते आलंच. चर चमकू लागले. मेंढ्या त्याच उंचवट्यावर होत्या, माना खाली घालून.

मग मिसेस बेवनच्या थोरल्या लेकीने मान वर केली. ती फाटकाकडे बघत राहिली. नेस्टाला वाटलं, ही आता सरळ येणार, त्या मोठ्या चरात. तिने फाटकाची कडी इतकी घट्ट धरली की बोटं दुखली.

मेंढी वळली. फाटकाकडे पाठ करून ती समुद्राच्या दिशेने चालू लागली, आणि बाकीच्या तिच्यामागे.

"अगं, उलट्या चालल्यात," एम्लिन उठून उभा राहिला. "नेस्टा, त्या उलट्या चालल्यात."

"हो," नेस्टा म्हणाली, आणि तिने कडी सोडली.