कोपऱ्यातला ठिपका

आमच्या मामेसासऱ्यांना एखादी गोष्ट 'किती' चांगली आहे असं विचारणारा माणूस आता वर्धेत उरलेला नाही; जे विचारायचे ते सगळे दमून गेले. संख्याशास्त्र शिकवून मामाजी निवृत्त झाले, पण जगाला क्रमांक देण्यातून काही निवृत्त झाले नाहीत. चहा कसा झाला विचारलं, तर "या आठवड्यातला तिसरा" म्हणतात. भाचेसुनांमध्ये माझा नंबर दुसरा, हे त्यांनी मला लग्नाच्या पंगतीतच सांगून टाकलं. भाचेसुना दोनच आहेत. मानसशास्त्राचा प्रबंध लिहिणारा जिल्ह्यातला प्रत्येक जण शेवटी आपले मूठभर आकडे घेऊन त्यांच्याच ओसरीवर येतो, आणि मामाजी त्याला संगणक उघडू देत नाहीत. आधी आलेखाचा कागद, आधी हाताने ठिपके. आष्टीहून एसटीने आलेल्या एका मुलीला त्यांनी दुपारभर ठिपके काढायला लावले, पोहे खाऊ घातले आणि परतीच्या गाडीत बसवताना म्हणाले, "आकडे थोडे असले का एकेकाचं तोंड पाहा लागते, बेटा."

मग माझी पाळी आली. माझा प्रबंध इतका रखडला होता की घरात त्याची चौकशी जुनाट दुखण्यासारखी व्हायची. एकट्या राहणाऱ्या निवृत्तांकडे माणसं किती येतात आणि त्यांना एकटेपणा किती वाटतो, हा विषय. मोजकेच लोक मिळाले. एक कमी पडला म्हणून एकट्याच राहणाऱ्या मामाजींनाच प्रश्न विचारले. "कामासाठी येनारे मोजनीत धराचे काय?" ते म्हणाले. मी थकलेली. "नाही धरायचे," म्हणून मोकळी झाले.

नेहमीच्या पिअरसन कसोटीने दोन्हींचा संबंध असा दणदणीत आला की माझ्या मार्गदर्शक बाई प्रथमच हसल्या. मामाजींनी मात्र ठिपके काढायला लावले. सगळे ठिपके मध्ये दाटीवाटीने, आणि एकच दूर कोपऱ्यात. येणारं कोणी नाही, एकटेपणा सर्वांत जास्त.

"हा एकटाच साऱ्याइले वढून राह्यला," मामाजी म्हणाले. "पिअरसन दूरच्याले लय भाव देते. स्पिअरमनची कसोटी लाव. त्याच्यात निसता नंबर पाह्यते."

स्पिअरमन लावला आणि संबंध जवळजवळ नाहीसाच झाला. मी रडकुंडीला आले. "मामाजी, बाई हे घेणार नाहीत. पुन्हा वर्ष जाईल माझं!"

"जाऊ दे. एका मानसाच्या दुःखावर प्रबंध उभा करू नको." मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "अन् क्रमवारीत थो निसता शेवटचा दिसते. किती मांगं हाय, थे कोनाले समजत नाई."

ठिपका कोणाचा ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. घरी येईपर्यंत मला फार वाईट वाटत राहिलं. दोन गल्ल्या पलीकडे राहून मीही आकडे असले तरच जात होते.

प्रबंध स्पिअरमन लावूनच दिला. बाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. प्रबंध दिल्यावर आलेल्या रविवारी मी रिकाम्या हाताने मामाजींकडे गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर पिशवी शोधली.

"आकडे कुठी हायेत?"

"आज काही काम नाही, मामाजी. अशीच आले."

खुर्ची माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "मंग तुले धरा लागते."